वॉटकिन्स ग्लेनची अर्धीच गोष्ट

गेल्या रविवारी सकाळी टपरीवर एका जुन्या मित्राशी कडाक्याचं भांडण झालं. भांडण म्हणजे हातघाई नाही, पण दोन कटिंगचे सहा कटिंग झाले आणि पोहे थंड झाले, इतपत. विषय होता गाडीचा वेग.

मित्र गाड्यांचा दर्दी आहे. पगाराचा निम्मा हिस्सा हप्त्यात घालून त्याने एक सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली आहे. दर रविवारी पहाटे त्यांचा आठ-दहा जणांचा ग्रुप "ड्राइव्ह"ला जातो. ड्राइव्ह म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेलच. पहाटे पाचला रस्ता मोकळा असतो, कोण कुठे किती मिनिटांत पोचलं याचे स्क्रीनशॉट फिरतात आणि नऊला परत येऊन मिसळ. २०२४ पासून एक्स्प्रेसवेवर कॅमेरे लागले, तेव्हापासून हे लोक चिडलेले आहेत. मित्राच्या फोनवर चलनांची रांग लागली आहे.

तर त्याचा मुद्दा असा: "आपल्याकडे स्पोर्ट्स कारचं कल्चरच नाही रे. तू अमेरिकेत होतास ना? तिकडे ते वॉटकिन्स ग्लेन बघ. एवढंसं गाव, पण गावातल्या रस्त्यांवरून रेस व्हायची, मेन रोडवरून! रेससाठी ट्रेन थांबवली होती लोकांनी. आणि इथे? शंभरच्या वर काटा गेला की दोन हजाराचं चलन."

बाकी कुठल्याही गावाचं नाव घेतलं असतं तर मी पोहे खात गप्प बसलो असतो. पण वॉटकिन्स ग्लेन मी पाहिलंय. आणि त्याने सांगितलेली गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. अर्धी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा जास्त घातक असते, कारण ती खोडून काढता येत नाही. म्हणून उरलेली अर्धी इथे लिहून टाकतोय. त्याला लिंक पाठवणारच आहे :)

आधी माझी बाजू स्पष्ट करतो, नाहीतर "तुला गाड्यांतलं काय कळतं" हे ऐकावं लागेल. मी मेकॅनिकलवाला. आपल्या देशाच्या थोर परंपरेप्रमाणे मेकॅनिकल शिकून जावा लिहितो. पण इंजिनचा आवाज आला की अजूनही मान वळते. रॉचेस्टरला ऑनसाइट असताना एका सप्टेंबरात मी शुक्रवारची सुट्टी टाकली आणि पावणेदोन तास गाडी हाकत वॉटकिन्स ग्लेनला गेलो. तिथे दरवर्षी सप्टेंबरात ग्रां प्री फेस्टिव्हल असतो आणि त्या दिवशी जुन्या गाड्या पुन्हा मूळ मार्गावरून फिरवतात. त्या दिवशी मी वेड्यासारखा खूष होतो. म्हणजे मी काही वेगाचा शत्रू नाही.

गाव कसं आहे? न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या भागात बोटांसारखी लांबुळकी सरोवरं आहेत, त्यांना फिंगर लेक्सच म्हणतात. त्यातल्या सेनेका लेकच्या दक्षिण टोकाला हे गाव. लोकवस्ती दोन हजारसुद्धा नाही. आपल्याकडे याला गावपण म्हणणार नाहीत, वाडी म्हणतील. एक मेन रोड, फ्रँकलिन स्ट्रीट. त्यावर कोर्टाची इमारत. शेजारी खडक कापत गेलेली घळ आणि धबधबे. बस.

आता गोष्ट. कॅमेरॉन अर्जेटसिंगर नावाचा एक तरुण होता, कॉर्नेल विद्यापीठात कायदा शिकत होता. घरच्यांचं या गावाजवळ उन्हाळ्यात राहायचं घर होतं. त्याच्याकडे एमजी टीसी ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार होती. महायुद्ध संपलं होतं, सैनिक युरोपातून परत येताना अशा गाड्यांचं वेड घेऊन आले होते, पण युरोपसारखी रस्त्यावरची शर्यत अमेरिकेत होत नव्हती. या पठ्ठ्याने गावाभोवतीचे रस्ते जोडून ६.६ मैलांची, म्हणजे साधारण साडेदहा किलोमीटरची फेरी आखली. काही भाग डांबरी, काही सिमेंटचा, काही चक्क कच्चा. वाटेत चढ, उतार, एक अरुंद दगडी पूल आणि रेल्वेचं क्रॉसिंग. सुरुवात आणि शेवट फ्रँकलिन स्ट्रीटवर, कोर्टासमोर.

२ ऑक्टोबर १९४८ ला शर्यत झाली. मुख्य शर्यत आठ फेऱ्यांची होती. फ्रँक ग्रिसवोल्ड अल्फा रोमिओ घेऊन जिंकला. अर्जेटसिंगर स्वतःची एमजी चालवत नववा आला. मार्गात रूळ येत होते म्हणून न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेने शर्यतीपुरत्या गाड्या थांबवल्या. महायुद्धानंतरची अमेरिकेतली ही पहिली रोड रेस.

इथपर्यंत मित्राचं बरोबर आहे. त्याची गोष्ट इथे संपते, आणि खरी गोष्ट इथे सुरू होते.

पहिला मुद्दा. "ट्रेन थांबवली" हे वाक्य तो असं म्हणतो की जणू चार पोरं रुळांवर आडवी झाली. अरे बाबा, ट्रेन थांबवली रेल्वे कंपनीने! कायद्याच्या त्या विद्यार्थ्याने आधी रेल्वेला राजी केलं, गावाला राजी केलं, सरकारी परवानग्या मिळवल्या, शर्यतीला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाची मान्यता घेतली. रस्ते बंद केले. त्या दिवशी फ्रँकलिन स्ट्रीटवर समोरून दूधवाला येणार नव्हता, आणि हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत होतं. पहाटे पाचच्या ड्राइव्हला यातलं काय असतं? ट्रेन तर सोडाच, तुम्ही साधा एक टेम्पो तरी कुणाची परवानगी घेऊन थांबवला आहे का? तुम्हाला जे "कल्चर" हवंय त्यातली मेहनत सगळी गाळून फक्त वेग उचललाय.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. एवढं सगळं करूनही ते पुरलं नाही.

१९५० च्या शर्यतीत सॅम कॉलियर गेला. हा काही नवशिका नव्हता. युद्धाआधी, १९३३ मध्ये, ज्या कॉलियर बंधूंनी अमेरिकेत हौशी रेसिंगचा क्लब काढला त्यांतला हा एक. त्याचा भाऊ माइल्स आदल्याच वर्षी इथे जिंकला होता. सॅम फेरारी चालवत होता, गाडी रस्ता सोडून गेली, संपलं. तरीही शर्यत पुढच्या वर्षी झाली. ड्रायव्हरने स्वखुशीने पत्करलेला धोका, असं म्हणता येतं. मीही म्हणेन.

पण २० सप्टेंबर १९५२ ला जे झालं त्याला असं म्हणता येत नाही. फ्रँकलिन स्ट्रीटवर फुटपाथच्या कडेला लोक दाटीने बसले होते. सगळ्यात पुढच्या गाड्या अगदी जवळजवळ होत्या. फ्रेड वॅकरची अ‍ॅलार्ड कडेच्या लोकांना घासून गेली. बारा जण जखमी झाले आणि सात वर्षांचा एक मुलगा मेला. शर्यत तिथेच थांबवली.

वॅकर दारू प्यायलेला नव्हता, टवाळ नव्हता, अठरा वर्षांखालचा नव्हता. नावाजलेला ड्रायव्हर होता, पुढे १९५३ आणि १९५४ मध्ये फॉर्म्युला वनमध्येही चालवला. रस्ता बंद होता, समोरून कुणी येत नव्हतं, दिवस होता. म्हणजे "आम्ही नीट चालवतो रे, आम्हाला कंट्रोल आहे" या वाक्यातल्या सगळ्या अटी पूर्ण होत्या. तरी एक मूल मेलं. का? कारण गाडी आणि माणूस यांच्यामध्ये काहीच नव्हतं. चूक होणार हे गृहीत धरून जागाच ठेवली नव्हती.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला "सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर" म्हणतो. एका माणसाचं एक मनगट एका क्षणाला दोन इंच चुकलं की सगळं कोसळतं, अशी रचना. आणि ती कोसळल्यावर "डेव्हलपर हुशार होता हो" असं म्हणून कुणी सुटत नाही.

आता साधं गणित. शंभरच्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ २८ मीटर जाते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर, चांगले टायर, चांगले ब्रेक, तरी ब्रेक दाबल्यावर थांबायला साधारण ५० मीटर लागतात. दीडशेला? ५० चे ७५ होत नाहीत, साधारण ११० होतात. वेग दीडपट, अंतर सव्वादोनपट. आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरा, त्यात आणखी ४२ मीटर. हे बारावीचं फिजिक्स आहे, ते तुमच्या गाडीची किंमत विचारत नाही.

तिसरा मुद्दा: मग त्या गावाने काय केलं? आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया माहीत आहेत. एक, "बंद करा सगळं." दोन, "एखादा अपघात होणारच, चालायचंच." वॉटकिन्स ग्लेनने तिसरा रस्ता काढला, अगदी शब्दशः. १९५३ मध्ये शर्यत गावाबाहेर टेकडीवरच्या रस्त्यांवर नेली, ४.६ मैलांची नवी फेरी. तेही तात्पुरतंच. १९५६ मध्ये खास शर्यतीसाठी वेगळं सर्किट बांधलं, २.३ मैलांचं. त्यानंतर शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता लागलाच नाही.

हे सर्किट कुणी आखलं ते ऐका, कारण मला या अख्ख्या गोष्टीत तोच माणूस सगळ्यात आवडतो. बिल मिलिकेन. बफेलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबमधला इंजिनियर. १९४८ च्या पहिल्याच शर्यतीच्या दिवशी याने आपली बुगाटी गावात शिरणाऱ्या वळणावर उलटी केली होती. त्या वळणाला आजही मिलिकेन कॉर्नर म्हणतात. सुदैवाने वाचला. नंतर या गृहस्थाने विमानाच्या स्थिरतेचं गणित मोटारगाडीला लावायचं काम केलं, गाडी वळणावर नेमकी का आणि कशी सुटते यावर आयुष्य घातलं. नव्या सर्किटची आखणी त्याने आणि कॉर्नेलच्या इंजिनियरिंगच्या प्राध्यापकांनी केली. मुलाबरोबर त्याने लिहिलेलं रेस कारच्या डायनॅमिक्सवरचं जाडजूड पुस्तक १९९५ मध्ये आलं आणि रेसिंगच्या इंजिनियरांमध्ये ते आजही प्रमाण मानतात. २०१२ मध्ये गेला तेव्हा १०१ वर्षांचा होता.

स्वतःची गाडी उलटली, तर हा माणूस "नशीब वाईट" म्हणून मोकळा झाला नाही. का उलटली ते शोधत बसला. कल्चर कल्चर म्हणतात ते हे. स्क्रीनशॉट नव्हे.

"पण मग मजा गेली ना!" हा मित्राचा पुढचा बाण. रस्त्यावरची शर्यत म्हणजे रोमान्स, बंद सर्किट म्हणजे पिंजरा. बरं, बघू मजेचं काय झालं. १९६१ मध्ये फॉर्म्युला वन या गावात आलं. पहिली शर्यत इनेस आयर्लंड लोटसमधून जिंकला. ग्रॅहम हिल आणि जिम क्लार्क इथे तीन-तीनदा जिंकले. फिटिपाल्डीने १९७० मध्ये पहिला फॉर्म्युला वन विजय इथेच मिळवला. १९८० पर्यंत सलग वीस वर्षं, दोन हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावात अमेरिकन ग्रां प्री होत होती! फ्रँकलिन स्ट्रीटवर हट्टाने चिकटून राहिले असते तर १९५२ लाच बोऱ्या वाजला असता. ज्याला तू पिंजरा म्हणतोस, त्यानेच शर्यत जिवंत ठेवली.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो, कारण मी अर्ध्या गोष्टींविरुद्ध लिहितोय. सर्किट बांधलं म्हणजे मरण संपलं असं झालं नाही. १९७३ मध्ये सरावात फ्रान्स्वा सेव्हेर इथे गेला. त्याचा सहकारी जॅकी स्टुअर्ट त्या शर्यतीनंतर निवृत्त होणार होता, ती त्याची शंभरावी शर्यत ठरली असती. तो चालवलाच नाही. पुढच्याच वर्षी हेल्मुट कोयनिग या ऑस्ट्रियन पोराची गाडी कडेच्या लोखंडी कठड्यावर गेली, कठड्याची खालची पट्टी तग धरू शकली नाही आणि गाडी खाली घुसली. म्हणजे वाचवायला लावलेलं लोखंडच जीवघेणं ठरलं. १९७५ मध्ये सेव्हेर गेला त्या भागात वेग तोडणारं जादा वळण टाकलं.

पुढे पैशांचं गणित बिघडलं, संघांची देणी थकली आणि फॉर्म्युला वन गेलं. १९८१ मध्ये सर्किटचं दिवाळं वाजलं. १९८३ मध्ये शेजारच्या कॉर्निंग गावच्या काचवाल्या कंपनीने ते विकत घेण्यात पुढाकार घेतला, १९८४ मध्ये पुन्हा सुरू झालं, १९८६ मध्ये नॅसकार परत आलं आणि आजही येतं.

यातून मला दिसतं ते एवढंच: सुरक्षितता ही एकदा करून टाकायची गोष्ट नाही. प्रत्येक अपघातानंतर रचना पुन्हा उघडायची, कुठे तुटली ते बघायचं, दुरुस्त करायची. आणि त्याहून मोठी गोष्ट, १९५६ नंतर जीव गेले ते धोका पत्करून आत उतरलेल्यांचे गेले. वाईटच झालं. पण सेव्हेर काय, कोयनिग काय, त्यांना माहीत होतं आपण कशात बसलोय. फुटपाथच्या कडेला बसलेल्या सात वर्षांच्या पोराला ते माहीत नव्हतं. माझं सगळं भांडण या एका फरकावर उभं आहे.

हे फक्त एका गावाचं रडगाणं आहे असं वाटत असेल तर आजूबाजूला बघा. विस्कॉन्सिनमधलं एल्कहार्ट लेक, तेही सरोवराकाठचं छोटं गाव. १९५० ते ५२ सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती, मग बंद, मग १९५५ मध्ये रोड अमेरिका हे सर्किट. कॅलिफोर्नियात पेबल बीचला झाडांतून शर्यत व्हायची. १९५६ मध्ये अर्नी मॅकाफी झाडावर आदळून गेला आणि १९५७ मध्ये लगूना सेका सर्किट सुरू झालं. इटलीत १९५७ च्या मिले मिलियात ग्विदिझोलो गावाजवळ फेरारीचा टायर फुटला, दोघे गाडीतले आणि रस्त्याकडेचे नऊ जण गेले. त्यांत पाच मुलं. मिले मिलिया त्या रूपात संपली. सगळीकडे एकच कथा.

"मोनॅकोत अजून रस्त्यावर होते की!" होते. गावभर कठडे आणि जाळ्या उभारून, रस्त्याचं तात्पुरतं सर्किट करून. २०२४ मध्ये चेन्नईत रात्रीची फॉर्म्युला फोर शर्यत रस्त्यावर झाली, तीही अशीच. "आइल ऑफ मॅनची टीटी?" तिथे कठडे नाहीत, बरोबर. म्हणूनच त्या मार्गावर आजवर अडीचशेहून जास्त रायडर गेले आहेत. घ्यायचंय का ते उदाहरण?

आता घराजवळ येतो. १९ मे २०२४, कल्याणीनगर. पहाटे अडीचच्या सुमारास एका पोर्शने मोटरसायकलला उडवलं. मोटरसायकलवरचे दोघे गेले. दोघंही मध्य प्रदेशातून पुण्याला नोकरीला आलेले, दोघंही आयटीत, वय चोवीस. चालवणारा सतरा वर्षांचा असल्याचं पोलिसांनी सांगितलं. जामिनाच्या अटींत एक अट ३०० शब्दांच्या निबंधाची होती. बोंबाबोंब झाल्यावर तो आदेश बदलला. खटल्याचं काय ते कोर्ट बघेल, मी त्यात पडत नाही.

पण ते दोघं माझ्याच वयोगटातले, माझ्याच धंद्यातले होते. शनिवारी रात्री उशिरा मित्रांना भेटून निघणं, हे मी शंभरदा केलंय. तूही केलंयस. त्यांनी कुठल्या शर्यतीचं तिकीट काढलं नव्हतं. तू म्हणशील, "मी काय सतरा वर्षांचा पोरगा आहे का? माझं आणि त्याचं काय?" मान्य, तू लायसनवाला आहेस, पहाटे झोप काढून शुद्धीत चालवतोस. वॅकरही शुद्धीत होता रे.

एक गोष्ट मात्र तुझी शंभर टक्के खरी आहे, ती कबूल करतो. आपल्याकडे हौस भागवायला जागा नाही. मोठं सर्किट म्हटलं की अजून चेन्नई, कोइमतूर नाहीतर नोएडा. पूर्वी मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, हौशी लोकांनी स्वतः उभं केलेलं ते होतं. मग पुण्या-मुंबईत एवढ्या महागड्या गाड्या, एवढे क्लब, एवढे ग्रुप, एवढी पोहोच असलेली माणसं, यांनी एकदा तरी एकत्र येऊन "आम्हाला परवडेल असा ट्रॅक द्या, महिन्यातून दोन दिवस द्या" असा अर्ज केलाय का? कॅमेऱ्यांविरुद्ध पिटिशनवर सह्या घेताना तुम्हाला पाहिलंय. ट्रॅकसाठी नाही पाहिलं. अर्जेटसिंगर विद्यार्थी होता, गाव एवढंसं होतं. त्याने परवानग्यांच्या मागे चपला झिजवल्या.

त्या शुक्रवारी फेस्टिव्हलला गर्दी झाली तेव्हा मीही फ्रँकलिन स्ट्रीटच्या कडेला फुटपाथवरच बसलो होतो. जुन्या गाड्या पुढून हळूच जात होत्या, आवाज मात्र पोटात घुसत होता. माझ्या बाजूला एक आजोबा नातवाला घेऊन बसले होते. गाडी जवळ आली की ते पोराच्या कॉलरला धरून मागे ओढत. दरवेळी. गाडी तिशीच्या वर नसेल, तरीसुद्धा. त्यांना ती १९५२ ची गोष्ट माहीत होती की नुसती आजोबांची सवय, मी विचारलं नाही.

असो. मित्रा, चलनं भर. आणि कोइमतूरला ट्रॅकवर जायचं असेल तर सांग. पेट्रोल निम्मं माझ्याकडून, टायर तुझे. तिथे तू काटा कितीवर नेतोस ते बघायला मला मनापासून आवडेल.

ता. क. : पोह्यांचे पैसे तूच द्यायचे होतेस.